वयाच्या मानाने

नेत्रा मॅडमनी पुन्हा एकदा "करिष्मा" अशी हाक मारली, तेव्हा कुठे पोरीने ठोकळ्यांवरून मान वर केली. आधी मागे बसलेल्या आईकडे बघितलं आणि मग मॅडमकडे.

मेघालीने डोळ्यांनीच दटावलं. सकाळपासून घोकून घेतलं होतं. हाक मारली की लगेच 'हो' म्हणायचं, विचारतील तेवढंच सांगायचं, जास्तीची बडबड न्हाय. शेलारहून रिक्षात बसल्यापासून तेच चाललं होतं. शेवटी रिक्षावालाच वैतागून म्हणाला, "बहन, बच्ची को सांस तो लेने दो."

मेघाली दमली होती. ही दमणूक आजची नव्हती, पावसाळ्यापासूनची होती. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. करिष्मा हाक मारली तरी वळत नाही, दुसरीत येऊनही अक्षरं लागत नाहीत, डबा उघडून तशीच बसून राहते. मानसिक तपासणी करून घ्या, रिपोर्ट आणा, मग पुढच्या वर्षाचं बघू. त्या 'बघू'ने मेघालीची झोप उडाली. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. नणंदेने तर नळावर चारचौघींत विचारलं, पोरीला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतेस म्हणे? नवरा, सागर, काल्हेरला गोडाऊनमध्ये ड्युटीवर. त्याचं उत्तर ठरलेलं, तुला काय करायचं ते कर. मग काय करायचं ते मेघालीने एकटीनेच ठरवलं. तिला एवढंच हवं होतं, पोरगी ठीक आहे असं कुणीतरी शिक्क्यानिशी लिहून द्यावं. म्हणजे शाळा सुटणार नाही आणि नणंदेचं तोंडही बंद.

मॅडम तशा चांगल्या होत्या. सावकाश बोलायच्या. चेहरा त्यांचाही थकलेला. बाहेर बाकावर अजून माणसं बसली होती. आधार कार्ड बघून त्या म्हणाल्या, आठ पूर्ण झाली की, दिसते मात्र लहानखुरी.

"धड खात न्हाय," मेघाली म्हणाली. कार्डावरचा फोटो अंगावर पिण्याच्या वयातला, त्यात काय कळणार.

पोरीने ठोकळे रचले, चित्रात काय चुकलंय ते दाखवलं, आकडे ऐकून तसेच परत म्हटले. सुरुवातीचं सगळं झटकन. मेघालीला जरा हायसं वाटलं. अवघड पानं आली तशी पोरगी थबकायला लागली, प्रत्येक उत्तराआधी मागे वळून बघायला लागली. वाचायला दिलेल्या धड्यात जोडाक्षरांपाशी अडली. ते चालायचंच, मेघालीने मनाची समजूत घातली. बाकी तर बोलतेय ना चुरूचुरू.

"घरी काय आवडतं गं तुला?" मॅडमनी विचारलं.

"सप्त्यातलं कीर्तन," पोरगी एकदम खुलली. "बुवांचा अभंग ताई म्हणते. अख्खा. एकदा ऐकला की आला तिला. मी नुसती टाळ वाजवते."

"कुठली ताई?"

"शेजारची," मेघाली मधेच म्हणाली आणि उगाच पदर सावरला. देवळात बसून विठ्ठल विठ्ठल म्हणणारं आपलं हेच तोंड इथे काय बोलतंय, असं तिच्या मनात आलं. तिने नजर फरशीकडे वळवली.

तपासणी आटोपली. पोरीला कोपऱ्यात रंग देऊन मॅडम मेघालीशेजारी येऊन बसल्या.

"ताई, आधी एक मनातून काढून टाका. ही परीक्षा नव्हती. इथे कुणी पास नाही, कुणी नापास नाही. मूल कुठे अडतंय ते कळलं, तर तिथे हात देता येतो. शाळेने रिपोर्ट मागितला म्हणजे पोरीला काढून टाकणार असं नाही. उलट त्याच्या आधारावर तिला पेपरला जास्त वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवतात, शिकवायची पद्धत बदलतात."

"हे मला कोन बोललंच न्हाय," मेघाली हळू आवाजात म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. बहुतेकींना कुणी सांगतच नाही, म्हणाल्या.

"पन हिची उत्तरं तर बरोबर आली की, मॅडम."

"आली. पण आम्ही नुसतं बरोबर-चूक मोजत नाही, त्या वयाच्या बाकीच्या मुलांशी ताडून बघतो. आठ वर्षांच्या मुलीला जे जमायला हवं, त्यातलं बरंच हिला जमत नाही. हिची सगळी समज सहा वर्षांच्या मुलीएवढी आहे. हाकेला वळत नाही असं शाळेच्या चिठ्ठीत बाईंनी लिहिलं होतं, तेही मला दिसलं. एका बैठकीत मी काही ठरवणार नाही, पुन्हा आणा. पण मदत लागणार असं दिसतंय. घाबरू नका. वेळेत आणलीत, चांगलं केलंत."

मेघालीने कोपऱ्यात रंगवत बसलेल्या पोरीकडे बघितलं. "मॅडम..." एवढंच म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पाठीवर हात ठेवला. आईचा जीव, भरून येणारच, असं त्या म्हणाल्या. तो हात मेघालीला जड वाटला.

बाहेर रस्त्यावर कापडाच्या लूमची खडखड चालू होती. रिक्षांमागून रिक्षा जात होत्या, पण एकीलाही हात करायचं तिला सुचेना.

पोरगी तिचा पदर ओढत म्हणाली, "आई, आता मी परत रंजिता ना? मग करिष्माताईला कधी आणायचं?"