एकतीस ठिपके

"सुंद्राबाई, खरं सांगा. परवा या बशीवर झाकण ठेवलं होतं ना?"

डुकरांच्या दोन शेडमधल्या हवेतले जंतू मोजायला मी जंतूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या बश्या परवा थोडा वेळ उघड्या ठेवल्या होत्या; पडलेला एकेक जंतू वाढून एकेक ठिपका होतो. पलीकडच्या शेडमधली बशी दोन दिवसांत जंतूंच्या ठिपक्यांनी भरून गेली. सुंद्राबाई सांभाळतात त्या शेडमधल्या बशीत मात्र मोजून एकतीस ठिपके.

"हात बी लावला न्हाई, डॉक्टर. झाडायच्या आधी पाणी शिंपडलं तेवढं, रोजच्यासारखं. धुरळा उडाला की पिल्लं शिंकत बसत्यात."

मी खूश होऊन ती बशी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उजेडात धरून एकेक ठिपका निरखला. मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही आधी पलीकडं जाऊन ह्याच बुटांनी इकडं आला हुता, न्हवं?"