साक्षीची सही

आंब्याच्या बागेवरून महिपत आणि त्याचा धाकटा भाऊ धोंडू बारा वर्षं कोर्टात भांडले. तेवढी वर्षं बागेला पाणी घातलं, वानरं हाकली, ती नवरा वारल्यावर माहेरी आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, येसूआक्काने. आता समेट झाला होता. बाग दोघा भावांत निम्मी निम्मी. आक्काने तेवढं हक्कसोडपत्र द्यायचं होतं.

रत्नागिरीच्या कचेरीत महिपतने विचारलं, “कागद वाचून दाखवू काय गो आक्का?”

“नको रे. तुम्ही दोघं एका बाकड्यावर बसलात, मला सगळं पावलं,” म्हणत तिने अंगठा उमटवला. शाई पुसायला महिपतने आपला रुमाल पुढे केला, पण तिच्या तोंडाकडे बघायचा धीर त्याला झाला नाही.

एक साक्षीदार कमी पडत होता. महिपतने कॉलेजातून आपल्या मुलीला, तेजलला बोलावून घेतलं. तिने कागद शेवटपर्यंत वाचला, आत्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

मग पेनाचं टोपण न लावताच म्हणाली, “बाबा, माझा हक्क सोडल्याचा कागदही आजच करून टाकूया का? पुढे तुम्हाला पुन्हा हेलपाटा नको.”