काच वर कर

“काच वर कर बाबा,” गाडी चालवणारी दोन्या ओटिलिया म्हणाली. “सगळी धूळ आत येतेय.”

सेल्विनचं बोट अजून बटणावरच होतं. गाडी हमरस्त्याला लागल्याबरोबर त्याने सवयीने काच पार खाली केली होती. मागच्या सीटवर त्याच्या बहिणीनेही तेच केलं होतं.

“आणि तू गं? तीही वर घे. इथे कुणाला तोंड दाखवायचंय तुम्हाला?”

नोएलिया खुदकन हसली. होंडुरास सोडल्यापासून पहिल्यांदाच.

सान पेद्रो सुलाच्या कडेला त्यांची वस्ती होती, आणि तिथे गाडी शिरायची ती एकाच रीतीने. चारी काचा खाली, पुढचे दिवे बंद, आतला दिवा चालू. कोपऱ्यावर टोळीची माणसं खुर्च्या टाकून बसलेली असत आणि आत कोण आहे ते त्यांना दिसावं लागे. सेल्विनचे वडील टॅक्सी चालवायचे. एकदा भर पावसात ते काचा खाली करायला विसरले. गुन्हा एवढाच. मारण्याआधी त्यांना टॅक्सीतून उतरूही दिलं नाही.

टोळीच्या म्होरक्याला सगळे डावऱ्या म्हणत. त्याने नोएलियाला कधी हटकलं नाही की तिच्या वाटेत उभा राहिला नाही. मोठ्या माणसांना स्वतः काही करावं लागत नाही. एक दिवस ती शाळेतून परतत होती, तेव्हा कोपऱ्यावरचा तिच्या दुप्पट वयाचा एक बाप्या खुर्चीतून उठला आणि अदबीने म्हणाला, “या वहिनी.”

नोएलियाला तेव्हा पंधरावं लागलं होतं. तिने घरी येऊन तो एक शब्द सांगितला. आईने काही विचारलं नाही, पिशवी भरायला घेतली. तिकडे मेक्सिकोत, मोन्तेर्रेला त्यांचा मामा होता. तिथवर पोचले तर पोरगी वाचेल, एवढं एकच गणित होतं.

निघताना आईने सेल्विनला बजावलं, “गोंदलेला माणूस दिसला की लांब राहा. आपल्या बोलीत बोलणारा दिसला तर त्याहून लांब. त्यांची माणसं रस्ताभर पसरलीत. आणि कुठल्याही बाप्याच्या गाडीत बसायचं नाही. कळलं?”

सतरा वर्षांच्या सेल्विनला कळलं होतं. बिचारा अक्षर न् अक्षर पाळत आला होता.

म्हणून तर आज दुपारी त्याची पाचावर धारण बसली. रुळांजवळच्या नळावर एक माणूस त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. मानेवरचं गोंदण कॉलरमधून डोकावत होतं. “पोरांनो, जरा ऐका,” तो म्हणाला, आणि बोली थेट घरची. सेल्विनने बहिणीचं मनगट पकडलं आणि धूम ठोकली. समोर एक जाडजूड बाई मक्याचे वाफवलेले टमाले विकून रिकामं झालेलं पातेलं गाडीत चढवत होती. गाडीच्या आरशाला जपमाळ, मागे नातवाची छोटी खुर्ची.

“मावशी, तो माणूस आमच्या मागे लागलाय.”

“बसा आत,” बाई म्हणाली.

गाडी निघाली तरी तो माणूस धावतच होता. मागच्या पत्र्यावर थापा मारत काहीतरी ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

“मेला, थोबाड बघ त्याचं!” दोन्या ओटिलिया आता आठवण काढून म्हणाली. “माझा पोरगाही असाच उत्तरेला गेला. त्यालाही कुणीतरी गाडीत घेतलंच असेल.”

वाटेत तिने गाडी थांबवून दोघांना पोसोल पाजलं. मका आणि कोकोचं ते गार, रवाळ पाणी सेल्विनच्या घशाखाली उतरेना. बाई मात्र एका दमात प्याली. त्याला हायसं वाटलं. बाई इथलीच होती; आपल्याकडच्या माणसाने हे असं पिणं शक्य नव्हतं.

“तोंड वाकडं काय करतोस? महागाचं आहे!” ती म्हणाली आणि तिने मोबाईल काढला. “गं पोरी, इकडे बघ. फोटो पाठवते तुझ्या आईला. तिचा जीव टांगणीला लागला असेल. नंबर सांग.”

नोएलियाने केस नीट केले, नंबर सांगितला आणि छान हसली.

“आलं का उत्तर?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“येईल गं. रेंज नाही इथे. आज माझ्या बहिणीकडे झोपा, सकाळी मोन्तेर्रेच्या बसमध्ये बसवते.”

नोएलियाने बंद काचेला गाल टेकवला. बाहेरून कुणी आपल्याकडे पाहत नाही, आपल्याला पाहूच शकत नाही, याचं तिला फार सुख वाटत होतं. तशीच तिला झोप लागली. सेल्विनने आरशातून तिच्याकडे पाहिलं. आई म्हणाली होती ते आपण केलं, या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

दिवेलागणीला गाडी हमरस्ता सोडून एका गल्लीकडे वळली. दोन्या ओटिलियाने वेग कमी केला. मग तिने आपल्या बाजूची बटणं एकेक करून दाबली. चारी काचा खाली गेल्या. तिने पुढचे दिवे बंद केले आणि डोक्यावरचा दिवा लावला.

“मावशी?” सेल्विन म्हणाला. “धूळ येईल ना आत.”

ती समोर पाहत राहिली. सेल्विनने दार ओढून पाहिलं. ते उघडेना.

कोपऱ्यावर खुर्चीत बसलेला माणूस उठला, सावकाश चालत आला आणि मागच्या खिडकीशी वाकला. त्याने एकदा हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, एकदा झोपलेल्या नोएलियाकडे. मग त्याने तिच्या खांद्याला हलकेच हात लावला.

“या वहिनी,” तो अदबीने म्हणाला.