एका भगिनीसाठी

"हे प्रभू, त्या भगिनीच्या जिभेला लगाम घाल!" सुमनबाई गुडघ्यांवर बसून कळवळून म्हणाल्या. "तिच्या सुनेच्या डोळ्यांतलं पाणी पूस. ते घर मोडू देऊ नकोस, बापा."

"आमेन," बाकीच्या अकरा जणी म्हणाल्या. एकीचीही मान वर झाली नाही. कारण ती भगिनी म्हणजे खुद्द सुमनबाईच होत्या, आणि एक त्या सोडल्या तर खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची सून तेजल श्यामलाबाईंकडे जाऊन रडली होती. तेजल नर्स. ड्यूटी करून यायची, स्वयंपाकाला लागायची, आणि पाहुण्यांची ताटं वाढली की सासूबाई म्हणायच्या, "जेवा हो, पेशंटचं जेवण आहे. ना मीठ, ना तिखट!" पाहुणे हसायचे. मुलगा आयुष मान खाली घालून जेवायचा. श्यामलाबाई म्हणजे सुमनबाईंची तीस वर्षांची मैत्रीण. एकट्यात गाठून सांगायचं तर ते त्यांनीच. पण सुमनबाईंना सांगणार कोण? त्यांच्यापुढे चर्चचे पाळकसाहेबसुद्धा बेतानं बोलतात! मग श्यामलाबाईंनी सोपा रस्ता धरला. महिला मंडळाच्या गुरुवारच्या सभेत त्यांनी नाव न घेता प्रार्थनेचा विषय दिला. एक भगिनी, तिची जीभ आणि तिची सून.

आता घ्या! हा विषय सगळ्यांत जास्त मनावर घेतला तो सुमनबाईंनीच. दर गुरुवारी सभा होईपर्यंत त्या तोंडात घास घालत नसत. त्या भगिनीसाठी त्यांच्याइतकं कोणी रडलं नाही.

या गुरुवारची सभा त्यांच्याच घरी होती. चहा झाला, बायका पांगल्या. श्यामलाबाई मात्र बसून राहिल्या. आतल्या खोलीत दोरीनं बांधलेले खोके त्यांना दिसत होते.

"शनिवारी टेम्पो येतोय," सुमनबाई कप उचलत म्हणाल्या. "पाथर्डी फाट्याला मुलानं-सुनेनं भाड्यानं फ्लॅट घेतलाय. हॉस्पिटल जवळ पडतं म्हणे राणीसरकारांना."

"सुमनताई, जरा बसा. ती भगिनी तुम्ही आहात."

"कोणती भगिनी?"

"जिच्यासाठी तुम्ही दोन वर्षं उपास करताय, ती."

सुमनबाई आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन मलाच? कोण म्हणतं असं?"

"मी म्हणते," श्यामलाबाई म्हणाल्या. "परवा तुमच्या ओवीनं शाळेचा डबा उघडून बघितला आणि आईला म्हणाली, 'शी, पेशंटचं जेवण!' सहा वर्षांची पोर, आणि अगदी तुमच्या आवाजात. त्याच दिवशी तेजलनं टेम्पो ठरवला. आज सकाळी मला सांगताना तिला रडूसुद्धा आलं नाही, ताई. मैत्री तुटेल म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. भित्री आहे मी. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत तरी चालेल. पण तुमचं घर मोडत असताना डोळे मिटून आमेन म्हणणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

सुमनबाई कप ठेवून खाली बसल्या. त्यांची नजर खोक्यांकडे गेली.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी उपाशी राहिले मी. माझ्याचसाठी?"

श्यामलाबाईंनी मान डोलावली. तेव्हा सुमनबाई रडल्या. सभेत रडायच्या तशा मोठ्यानं नाही. तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारख्या.

साडेपाचला तेजल ड्यूटीवरून आली. एका खांद्यावर तिची पर्स होती, दुसऱ्यावर ओवीचं दप्तर. सुमनबाई उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, अगदी नवऱ्याचीसुद्धा नाही.

"तेजल, चारचौघांत तुला बोलायचे, म्हणून श्यामलासमोरच सांगते. तुझ्या हाताला चव आहे. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. माझं चुकलं, बाळा. टेम्पो रद्द कर म्हणत नाही. जायचं तर जा. पण एवढं ऐकून जा."

तेजलनं दप्तर खाली ठेवलं. तिनं सासूकडे बघितलं, मग श्यामलाबाईंकडे.

"आई, आज गुरुवार," ती म्हणाली. "सकाळपासून जेवला नसाल तुम्ही." आणि स्वयंपाकघरात गेली.

सुमनबाईंनी दोनदा भात मागून घेतला. शनिवारी टेम्पो आला नाही. महिनाभर बघू, असं तेजल म्हणाली, आणि ते रास्तच होतं. खोके मात्र तिनं तूर्त बांधलेलेच ठेवले.

पुढच्या गुरुवारी सभा मंडळाच्या अध्यक्ष यशोदाबाईंच्या घरी होती. तेजलला सुट्टी होती, तीही आली. सासूसुनेला एका सतरंजीवर बसलेलं बघून यशोदाबाईंना भरून आलं.

"बघा, भगिनींनो!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दोन वर्षांनी का होईना, देवानं आपली प्रार्थना ऐकली."

"त्यानं पहिल्याच गुरुवारी ऐकली, यशोदाबाई," सुमनबाई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या श्यामलाबाईंचा हात त्यांनी घट्ट धरला. "लगेच हिला माझ्याकडे पाठवलंही. हिचं घर माझ्यापासून चार दारं. तेवढं यायला हिला दोन वर्षं लागली."