पिवळी टेप

सोमवारी सातपूरच्या सर्किट दुरुस्तीच्या कंपनीत पुन्हा रुजू व्हायचं की नाही, हे सासूबाईंच्या होकारावर अडलं होतं. लेकीला त्याच सांभाळणार होत्या. नेमका आज पंखा बंद पडला आणि तिच्या मानेवर घामोळं उठलं. मी पंख्याचं सर्किट ओट्यावर घेतलं. जळकी चिप काढायला गरम हवा मारायची, तर आजूबाजूचे तांदळाएवढे पार्ट आधी झाकावे लागतात. एकेकावर उष्णता सोसणारी पिवळी टेप हलकेच चिकटवली, लेकीला दुपट्यात गुंडाळावं तशी. नवी चिप बसल्यावर टेप काढली. खाली सगळं शाबूत. पंखा फिरला, लेक झोपली. दारातून बघणाऱ्या सासूबाई आता हो म्हणतील, असं वाटलं. “अगंबाई, घरातच केवढा उपयोग झाला गं तुझा! आता कशाला हवी ती कंपनी?” त्या खुशीत म्हणाल्या. मी टेपचा एक तुकडा कापून कंपनीच्या ओळखपत्रावरच्या माझ्या फोटोवर हलकेच चिकटवला.