भोंग्यातला आवाज

गाडी उशिरा येणार असल्याची सूचना देऊन तिनं माइकचं बटण सोडलं, आणि बसस्थानकाच्या भोंग्यातून तिची आई बोलली.

शब्द तिचेच होते. आवाज मात्र आईचा. घोगरा, जड, एकेक शब्द ओढत आणल्यासारखा. आईला जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती.

शेजारच्या टेबलावरचे नियंत्रक म्हणाले, ताई, सर्दीनं तुम्हाला दत्तकच घेतलंय की. तीही हसली. मग भर उन्हाळ्यात तिनं स्वेटर अंगात चढवला.

आईचंही असंच सुरू झालं होतं, याच वयात. पाळी मागेपुढे व्हायला लागली, चेहरा सुजला, भुवया विरळ झाल्या. उन्हात बसूनही ती कुडकुडायची. बायका म्हणाल्या, वयच आहे, निघून जाईल. पुढे ती दूध चुलीवर विसरू लागली, मग भिंतीशी बोलू लागली. शेवटी घरच्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. वेडीच्या मुलींना कोण करून घेणार, म्हणून आत्यानं पोरींकडून एक उत्तर घोटून घेतलं. त्या उत्तरावरच तिचं लग्न जमलं. नवऱ्याला कधी कळलं नाही. मुलीला तर नाहीच.

मुलगी बाळंतपणाची रजा संपवून कामावर जाणार होती. बाळ आजीकडे, म्हणजे तिच्याकडे राहणार, हे केव्हाच ठरलेलं. पण परवा बाळाला टबात बसवून ती टॉवेल आणायला गेली आणि कशाला आलो हेच विसरून कपाटापुढे उभी राहिली. बाळ रडलं म्हणून बरं. संध्याकाळी तिनं मुलीला सांगितलं, पिल्लाला पाळणाघरात ठेव. मुलगी आधी रुसली. मग तिनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा तिचा गळा चाचपला. थायरॉइड पार मंदावलंय, म्हणाल्या. पाळी जायच्या वयात दोन्हींची लक्षणं एकमेकांत मिसळतात, बायका अंगावर काढतात. हृदयावर ताण येतो, विसरायला होतं. फारच दुर्लक्ष झालं तर भाससुद्धा होतात.

तिनं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"घरात कुणाला होता हा त्रास?"

"घरात कुणाला काही नाही." उत्तर आपसूक आलं, घोटल्यासारखं.

बाईंनी चिठ्ठी लिहिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मधूनमधून रक्त तपासायचं. हळूहळू सगळं जागेवर येईल, नातवाला खुशाल सांभाळा. मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आईच्या दंडाला चिमटा काढून ती म्हणाली, एवढ्याशा गोळीसाठी माझ्या जिवाला घोर लावलास होय गं.

तिनं चिठ्ठीवरच्या गोळीच्या नावावर बोट ठेवलं.

"ही गोळी हल्लीच निघालीय ना?" तिनं विचारलं. बाईंनी हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिला औषधाची भीती वाटत असेल, असं बाईंना वाटलं. धीर द्यावा म्हणून त्या हसल्या.

"छे हो काकू, अगदी जुनी, पारखलेली आहे. तुमच्या आईच्या वेळीसुद्धा हीच द्यायचे."