सुरंगीभोवतीचं वळण

“कुणाला पटायचं नाही बाई, पण ही रेघ मी एकट्यानं वळवली. या मोडक्या कमरेनं!” गेनूतात्या माळ्यांनी छाती फुगवली.

वनस्पती उद्यानातली नवी पायवाट सुरंगीच्या झाडाच्या जागेवरूनच जाणार होती. काल पायवाटेचं काम बघणाऱ्या मृदुलाबाईंनी आपल्या नकाशाप्रमाणे चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ मारून घेतली होती. आज ती झाडाला वळसा घालून गेली होती, आणि झाड तोडणारे फाटकाशी येऊन थांबले होते.

एरवी तात्या बागेतल्या फांदीफांदीवर एकेक भूत बसवायचे. आज मात्र त्यांनी बायकोचं, शेवंताचं, नावही काढलं नाही. सुरंगी तिनं लावलेली. तिला जाऊन वर्ष झालं होतं. सकाळी ते वळण बघून तात्यांना घाम फुटला होता; पण भुताच्या शब्दावर झाड थोडंच वाचणार?

“मुळांना आठ फूट जागा लागतेच,” ते ठासून म्हणाले.

“वळण सुरेख आहे हो. बदलते मी नकाशा.” अंतर मोजायला बाई खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. फक्कीत इवलाली अनवाणी पावलं उमटली होती.

“तात्या, खोटं बोलताय,” त्या हळूच म्हणाल्या. “तुमच्या पायात जोडवी कधीपासून?”